चेहऱ्याचं मेन्यू कार्ड

फोनला असतात तसे आता शस्त्रक्रियेलाही व्हेरिअंट आलेत. मिनी, फुल, स्मॅस, डीप प्लेन, एक्स्टेंडेड डीप प्लेन. शिवाय शॉर्ट स्कार, पॉनीटेल, वीकेंड, लंचटाइम. आणि ज्यांचं बजेट तेवढं नाही त्यांच्यासाठी धागे. रीलमध्ये एक हसतमुख मुलगी हवेत टिचक्या मारते, प्रत्येक टिचकीला पडद्यावर एक नाव उमटतं आणि शेवटी प्रश्न येतो: 'तुमच्यासाठी कोणता फेसलिफ्ट?' कॉमेंटमध्ये 'डीप' लिहा, किंमत डीएममध्ये मिळेल.

हा प्रश्न पेशंटला विचारणं ही लबाडी आहे, असं माझं म्हणणं आहे. फेसलिफ्ट करून घेणं वाईट, असं मी म्हणत नाहीये. तसं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, त्यांच्याकडे नंतर येते. आधी हे मेन्यू कार्ड.

मी डॉक्टर नाही. पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. पण या विषयावर बोलायचा थोडा हक्क मला माझ्या धंद्यानेच दिलाय. सहा वर्षांच्या नोकरीत मी दोन-तीन प्रॉडक्ट्सची प्रायसिंग पेजेस बांधलीत. बेसिक, प्रो, एंटरप्राइझ असे तीन रकाने, मधल्यावर 'सर्वाधिक पसंती' असा बिल्ला. तो बिल्ला पसंती मोजून लावलेला नसतो. लाँचच्या दिवशी, पहिला ग्राहक येण्याआधीच तो तिथे असतो. तीन रकाने दिसले की माणूस 'हे घ्यावं का?' हा प्रश्न सोडून 'यातलं कोणतं घ्यावं?' या प्रश्नावर जातो, आणि तिथे पोचलेला माणूस बहुतेकदा काहीतरी घेऊनच जातो. आमच्याकडे याला कन्व्हर्जन म्हणतात. ३० रुपयांच्या अ‍ॅपसाठी हे चालत असेल. कानापुढे सुरी लावायची असेल तेव्हा चालू नये.

माझी आत्या नाशिकला असते. ५६ वर्षांची, सहकारी बँकेतून निवृत्त. वीस वर्षांचा मधुमेह. मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आलं, तिच्या डॉक्टरांनी काही महिन्यांनी ते सुरू केलं, आणि वर्षभरात तिचं वजन १७ किलोंनी उतरलं. शुगर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले, ती सोमेश्वरपर्यंत चालत जाऊ लागली. आणि चेहरा उतरला. गालांत भरलेली चरबी गेली आणि तिला धरून असलेली कातडी तशीच राहिली. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना लोंबतं मांस, मानेवर दोन दोऱ्या. 'अगं, वीस वर्षं सगळे सांगत होते बारीक हो,' ती मला म्हणाली, 'आता बारीक झालेय तर लग्नात लोक मला बाजूला घेऊन विचारतात, किमो चालू आहे का?'

तर तिने एका क्लिनिकमध्ये चौकशी केली. नाव घेत नाही, आणि घेऊन उपयोगही नाही, कारण हे एकाच क्लिनिकमध्ये चालतं असं नाही. तिथे तिला आधी डॉक्टर भेटले नाहीत. 'पेशंट काउन्सेलर' भेटली. तिने टॅबवर तीन रकाने उघडले. मिनी दोन लाख, स्मॅस सव्वातीन, डीप प्लेन पाच. 'मॅम, मिनी टिकत नाही. डीप प्लेन सगळ्यात अ‍ॅडव्हान्स्ड आहे. परदेशात आता सगळे तेच करतात.' आज बुकिंग केलं तर मानेवर सूट. मधुमेहाबद्दल तिने विचारलं, पण फॉर्मवरच्या एका चौकटीपुरतं. आत्याने तो टॅबचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'तुला कळतं यातलं. कोणतं घेऊ?'

मला कळत नव्हतं. म्हणून मी जे येतं ते केलं: स्प्रेडशीट. रांगांमध्ये तंत्रं, रकान्यांमध्ये कुठे कापतात, किती वेळ, किती टिकतं, काय बिघडू शकतं. दोन रात्री पेपर वाचून ती भरली. आणि ती भरताना जे हाती लागलं, त्यावर हा लेख आहे.

आधी थोडी रचना समजून घ्या, त्याशिवाय हे शब्द नुसते मंत्र वाटतात. गालावर वरून खाली जाऊ लागलं तर आधी कातडी, मग चरबीचा थर, मग एक पातळ पण चिवट पापुद्रा, ज्यात स्नायू आणि तंतू एकमेकांत विणलेले असतात. सुपरफिशिअल मस्क्युलो-अपोन्यूरोटिक सिस्टिम, थोडक्यात स्मॅस. तो खाली मानेतल्या स्नायूला जाऊन मिळतो. स्मॅसच्या खाली चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या फांद्या: एक भुवई उचलणारी, एक डोळा मिटणारी, एक ओठाचा कोपरा खाली ओढणारी, अशा. आणि हे सगळे थर जागोजागी हाडाला किंवा खालच्या आवरणाला बंधांनी टाचलेले असतात, गादीला टाके घालतात तसे.

पहिल्या काळातले फेसलिफ्ट नुसत्या कातडीचे होते. बर्लिनच्या ओइगेन हॉलेंडरने १९०१ मध्ये एका पोलिश उमराव घराण्यातल्या बाईच्या आग्रहावरून कानाजवळची कातडी कापून गाल ओढले, असं सांगतात. पुढची सत्तरेक वर्षं कमीजास्त तेच चाललं. गादी मधे बसलेली आणि आपण चादर ताणतोय. चादर ताणली की थोडे दिवस सपाट दिसतं; मग चादर सैल होते, किंवा टाक्याशी फाटते. ताणाने व्रण रुंद होतात, कानाची पाळी खाली ओढली जाते, आणि तो वाऱ्यात उभं राहिल्यासारखा चेहरा होतो, ज्याच्यावर आपण सगळे हसत आलोय.

१९७४ मध्ये स्वीडनच्या टोर्ड स्कूगने कातडीबरोबर खालचा थरही उचलून दाखवला. १९७६ मध्ये पॅरिसच्या मिट्झ आणि पेरोनी यांनी त्या थराचं नीट वर्णन करून त्याला स्मॅस हे नाव दिलं. तिथून खरा बदल झाला: ताण कातडीवर न देता आतल्या थरावर द्यायचा. मग त्या थराचं काय करायचं यावर पंथ पडले. काहींनी त्याला नुसती चुणी घालून शिवलं. काहींनी पट्टी कापून काढली आणि कडा जोडल्या. काहींनी तो सोडवून वर ओढला. अमेरिकेत सॅम हाम्राने १९९० मध्ये 'डीप प्लेन' मांडलं: कातडी आणि स्मॅस वेगळे न करता गालात एकत्र उचलायचे, त्याखालून जायचं, टाचणारे बंध सोडवायचे आणि सगळा गाल एकसंध वर न्यायचा. बेल्जियममध्ये टोनार्ड आणि व्हेरपाल यांनी २००२ च्या सुमारास उलट दिशा धरली: छोटा व्रण, आत दोऱ्याचे फास, आणि ओढ सरळ वर.

हे सगळं सर्जनांनी एकमेकांशी बोलायला तयार केलेलं आहे. त्यांच्या परिषदांमध्ये या शब्दांना अर्थ आहे. पण टॅबवर आले की ते शब्द काय होतात पाहा. 'मिनी' हे मुळात तंत्रच नाही. एकाच्या 'मिनी'त स्मॅसला चार टाके असतात, दुसऱ्याच्या 'मिनी'त नुसती कातडी कापलेली असते. आणि 'डीप प्लेन'? कुणी बंध पूर्ण सोडवतो, कुणी दोन सेंटिमीटर आत जाऊन परत येतो. दोघांच्याही रीलवर शब्द तोच. फंक्शनचं नाव एक, आतला कोड प्रत्येकाचा वेगळा, आणि डॉक्युमेंटेशन कुणाकडेच नाही. अशा एपीआयवर मी लॉगिन पेजसुद्धा बांधणार नाही. माझी स्प्रेडशीट इथेच कोसळली: रांगांना लावलेली नावं एका वस्तूची नव्हतीच.

धाग्यांचं प्रकरण मी पटकन संपवते, कारण त्यात फार काही नाही. काटेरी विरघळणारे धागे कातडीखाली घालून ओढायचे. काहीही कापून काढलं जात नाही, त्यामुळे जास्तीची कातडी कुठे जाणार हा प्रश्न तसाच राहतो. पीडीओचा धागा साधारण सहा महिन्यांत विरघळतो. आत्यासारख्या चेहऱ्यावर त्याने काही होणार नाही, आणि माझ्यासारख्या चेहऱ्यावर उचलायलाच काही नाही. तरी सर्वांत जास्त जाहिराती मला त्याच्याच येतात. मी २८ वर्षांची आहे. आत्यासाठी चार गोष्टी शोधल्यापासून माझा फोन मला 'बेबी फेसलिफ्ट' आणि 'आत्ताच सुरुवात करा, म्हणजे पुढे मोठी सर्जरी टळेल' असलं काहीबाही दाखवतो. फेसलिफ्ट वय थांबवत नाही, झालेली घसरण दुरुस्त करतो. जी भिंत अजून कललेली नाही तिला टेकू देऊन ठेवायचे पैसे मागणारा गवंडी आपण दारातून हाकलू. इथे मात्र आपण लिंक इन बायो उघडतो.

आता 'सर्वांत अ‍ॅडव्हान्स्ड' या दाव्याकडे येऊ. डीप प्लेनवाल्यांची बाजू मी त्यांच्या सर्वांत चांगल्या रूपात मांडते, कारण ती पोकळ नाही. बंध सोडवल्याशिवाय गालाचा मधला भाग नीट हलत नाही. कातडी स्मॅसपासून फारशी सुटी न केल्याने तिचा रक्तपुरवठा जास्त टिकतो. ताण खोल थरावर पडत असल्याने चेहरा ओढलेला दिसत नाही. सराव असलेल्या हातांतून झालेली अशी कामं मी पाहिली, ती सुंदर आहेत. २०२५ मध्ये क्रिस जेनरच्या चेहऱ्यावरून जगभर जी चर्चा झाली, त्यानंतर हा शब्द माझ्या ऑफिसच्या कँटीनपर्यंत पोचला.

पण 'चांगलं होऊ शकतं' आणि 'इतरांपेक्षा चांगलं ठरलंय' यात फरक आहे, आणि तो फरक काढायला आपल्याकडे एक रीत आहे: सारख्या दोन गोष्टी घ्या, एकच घटक बदला, निकाल पाहा. चेहऱ्यांच्या बाबतीत हे जवळपास अशक्य आहे. जवळपास. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या सर्जनांनी एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या घेतल्या. चार बहिणी, चार नामांकित सर्जन, चार वेगळी तंत्रं. त्या चौघांत खुद्द हाम्राही होता. फोटो एका वर्षाने, सहा वर्षांनी, दहा वर्षांनी. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आला. चारही जणी चांगल्या दिसत होत्या. ज्याच्याकडे बोट दाखवून 'हे तंत्र जिंकलं' म्हणावं असा निकाल निघाला नाही. चार माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मलाही कळतं. पण काउन्सेलरच्या टॅबवर जो दीड-दोन लाखांचा फरक लिहिलाय, त्यामागे याहून मजबूत पुरावा असायला हवा ना?

किती टिकतं? एका ब्रिटिश पाहणीत शस्त्रक्रियेनंतर साडेपाच वर्षांनी सुमारे तीन चतुर्थांश पेशंट आपल्या जुन्या फोटोपेक्षा अजूनही तरुण दिसत होते. मान मात्र बऱ्याच जणांची पुन्हा सैल झाली होती. वाईट निकाल नाही. २०१३ चा आणखी एक अभ्यास आहे. चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या ४९ जणांचे आधीचे आणि नंतरचे फोटो अनोळखी लोकांना दाखवून वयाचा अंदाज विचारला. सरासरी फरक निघाला ३.१ वर्षांचा. आणि आकर्षकपणाच्या गुणांत नोंद घेण्याजोगा फरक पडला नाही. रीलवाले 'पंधरा वर्षं लहान' म्हणतात तेव्हा मला हा ३.१ आठवतो. काहींसाठी ती तीन वर्षं मोलाची असतील. आत्याला तर वर्षं नकोच होती, तिला किमोचा प्रश्न नको होता. पण विकताना १५ आणि देताना ३ याला आमच्याकडे बग म्हणतात.

मग लोकांचा विश्वास कशावर बसतो? फोटोंवर. ते कसे बनतात हे एकदा पाहा, मग सगळीकडे दिसू लागेल. 'आधी'च्या फोटोत दिवा डोक्यावर, मान किंचित खाली, केस मोकळे, चेहरा कोरा. 'नंतर'च्या फोटोत दिवा समोरून, हनुवटी वर, केस मागे बांधलेले, ओठांना रंग. सुरी न लावता, नुसती हनुवटी दोन इंच उचलून तुम्ही आत्ता आरशात स्वतःची मान घट्ट करू शकता. करून पाहा, मी थांबते. शिवाय 'नंतर'चा फोटो बहुतेकदा दोन-तीन महिन्यांचा असतो, म्हणजे सूज पुरती उतरण्याआधीचा. आणि सूज सुरकुत्या भरून काढते. त्या फोटोंतल्या बायका बहुतेक गोऱ्या युरोपीय किंवा अमेरिकन. आपल्या कातडीवर व्रण जाड आणि काळे पडण्याची शक्यता जास्त असते. कानापुढची ती रेघ आपल्याकडे कशी दिसेल हे त्या फोटोवरून कळत नाही.

आणि रिव्ह्यू? त्याचा इतिहास तर माझ्या धंद्याच्या लाजेचा भाग आहे. अमेरिकेत 'लाइफस्टाइल लिफ्ट' नावाची कंपनी होती. छोटा फेसलिफ्ट, भूल फक्त त्या जागेपुरती, तासाभराचं काम, असं ब्रँड करून टीव्हीवर विकायची. तिच्या कर्मचाऱ्यांनी समाधानी ग्राहकांचं सोंग घेऊन इंटरनेटभर खोटे अभिप्राय पेरले. एका अंतर्गत मेलमध्ये तर दिवसभर तेवढंच काम कर असं सांगितलं होतं. २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने प्रकरण बाहेर काढलं आणि कंपनीने ३ लाख डॉलर भरून तडजोड केली. २०१५ मध्ये तिने आपली बहुतेक दारं बंद केली. तेव्हा निदान माणसं बसून खोटं टाइप करत होती. आता त्या कामाला माणूस लागत नाही.

आपल्याकडे २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता आहे, तिच्यानुसार डॉक्टरने जाहिरात करून पेशंट ओढणं अनैतिक. म्हणून जाहिरात क्लिनिकच्या नावाने होते, 'कंटेंट' म्हणून होते, 'जनजागृती' म्हणून होते. कानपूरमध्ये हेअर ट्रान्सप्लांटनंतर दोन तरुण इंजिनिअर गेले, ते प्रकरण २०२५ मध्ये गाजलं. शस्त्रक्रिया केल्याचा आरोप दंतवैद्य असलेल्या व्यक्तीवर होता. दोघे इंजिनिअर. म्हणजे आपल्यातलेच, स्पेसिफिकेशन वाचल्याशिवाय इअरफोनही न घेणारे.

इथे मला एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पेशंटला माहिती मिळू नये का? पूर्वीचे डॉक्टर 'तुम्हाला काय कळतं' म्हणून गप्प करायचे, तेच बरं होतं का? अजिबात नाही. आत्याला प्रत्येक थराचं नाव माहीत असायला हवं, आणि आता ते आहेही. पण माहिती देणं वेगळं आणि निवडीचं ओझं ढकलणं वेगळं. क्लायंट मीटिंगमध्ये बसल्या बसल्या 'आम्हाला एआय हवंय' म्हणतो तेव्हा चांगला इंजिनिअर लगेच कोटेशन देत नाही. तो विचारतो, अडचण काय आहे? अर्ध्या वेळा निघतं की त्यांना एक सर्च बॉक्स हवा होता. कोटेशन देणारेही असतात, आणि सहा महिन्यांनी बिघडलं की ते म्हणतात, 'तुम्हीच तर मागितलं होतं.' मेन्यू कार्डाचा खरा उपयोग तिथे आहे. ओठ वाकडा झाला तर निवड तुमची होती.

पेशंटने ठरवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या टॅबवर नव्हत्या. मला नेमकं काय खुपतंय: गाल, मान की लोकांचे प्रश्न? किती दिवस घरात बसू शकते? कान सुन्न राहिला तर चालेल का? (कानाकडे जाणारी एक संवेदनेची नस या शस्त्रक्रियेत सर्वांत जास्त वेळा दुखावते.) पहिल्या दिवसात रक्त साठून गाठ झाली तर पुन्हा टेबलावर जावं लागेल, त्या रात्री तिथे कोण असेल? रक्तदाब जास्त असणाऱ्यांत आणि पुरुषांत हा धोका वाढतो. पुरुषांनी हसू नका, तुमच्यासाठीही पॅकेजेस आहेत. फॉर्मवर 'धूम्रपान करता का?' असं विचारतात. आपल्याकडच्या कितीतरी बायका तिथे निःशंकपणे 'नाही' लिहितील आणि घरी जाऊन मिश्री लावतील. निकोटीन तेच, रक्तवाहिन्या तशाच आकसतात, आणि कानामागची ताणलेली कातडी काळी पडून मरते. मिश्रीची चौकट त्या फॉर्मवर नव्हती. कारण तो फॉर्मही बाहेरून उचललेला होता.

आणि समोरचा कोण आहे? एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरीत झालंय का, परिषदेच्या नोंदवहीत नाव आहे का, हे फोनवर पाच मिनिटांत पाहता येतं. भूल कोण देणार, हे विचारायला लाजायचं कारण नाही. 'तुमच्या स्वतःच्या हातची, पन्नाशीतल्या भारतीय बाईची, वर्षानंतरची चित्रं दाखवा' हे एक वाक्य सगळ्या व्हेरिअंटच्या चर्चेपेक्षा जास्त काम करतं. रोज स्मॅसला चुणी घालणारा सर्जन त्याच्या हातच्या चुणीने जे देईल, ते त्याने महिन्याभरापूर्वी कार्यशाळेत शिकलेल्या डीप प्लेनने मिळणार नाही. मज्जातंतूच्या एक-दोन मिलिमीटर वरून चालायचं काम आहे ते.

आता दुसऱ्या बाजूचे. आत्याचं कळल्यावर घरच्या ग्रुपवर जे चाललं ते मी वाचलंय. 'या वयात कशाला?' 'नैसर्गिक वार्धक्यातच सौंदर्य असतं.' एका काकांनी सुविचाराचं चित्र टाकलं, मावळता सूर्य असलेलं. याच काकांनी चार वर्षांपूर्वी मुलाचं लग्न जमत नव्हतं म्हणून त्याला हेअर ट्रान्सप्लांटसाठी पैसे दिले होते. तेव्हा सूर्य मावळत नव्हता. पोराच्या टकलावर खर्च म्हणजे गुंतवणूक आणि बाईच्या गालावर खर्च म्हणजे चंगळ, हा हिशोब कोणत्या वहीत लिहिलाय? बँकेत ३१ वर्षं काउंटरमागे बसून मिळवलेले तिचे पैसे आहेत. बरं, वीस वर्षं तिच्या वजनावर बोलण्याचा अधिकार हाच ग्रुप बजावत होता.

चेहऱ्याची शस्त्रक्रिया म्हणजे पाश्चात्त्य थेर, असंही एक मत त्यात होतं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र चित्रासह छापून आलं. कावसजी नावाचा मराठा, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो नाकाशिवाय जगला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ते पत्र वाचून लंडनचा जोसेफ कार्प्यू कामाला लागला, १८१४ मध्ये त्याने तशी पहिली शस्त्रक्रिया केली, आणि युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीची एक मोठी वाट तिथून निघाली. त्या वीटवाल्या सर्जनचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, त्याबद्दल वेगळा लेख लिहायला हवा.

कावसजीचं नाक आणि आत्याचा गाल एका तागडीत तोलता येत नाही, हे मान्य. एकावर अत्याचार झाला होता, दुसरीला औषध लागू पडलंय. पण नाक नसतानाही कावसजी जिवंत होता, बैल हाकू शकत होता. त्याला नाक हवं होतं ते चार माणसांत जाण्यासाठी. 'नाक कापलं' या शब्दाचा अर्थ ज्या भाषेत इज्जत जाणं असा होतो, त्या भाषेच्या लोकांनी तरी चेहरा म्हणजे वरवरची गोष्ट असं सांगू नये. गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते ती रेघ मला आखता येत नाही. ती मावळत्या सूर्याच्या चित्राने आखली जात नाही, इतकं नक्की.

गंमत म्हणजे हे दोन्ही पक्ष, काका आणि काउन्सेलर, एकमेकांना पूरक आहेत. घरात उघड बोलायची सोय नाही म्हणून बाई एकटी, गुपचूप, फोनवर शोधते. कुणाला बरोबर न नेता जाते. तिथे तिला पहिल्यांदाच कुणीतरी हसून 'मॅम' म्हणतं आणि तिची अडचण हसण्यावारी न नेता ऐकून घेतं. त्या दहा मिनिटांच्या आपुलकीचे पैसे टॅबवर लावलेले असतात.

आत्या शेवटी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालेल्या एका प्लास्टिक सर्जनकडे गेली. बरोबर मी गेले. त्यांनी तंत्राचं नावच काढलं नाही. गाल बोटांत धरून पाहिला, मान वळवायला लावली, बीपी घेतलं, तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट मागितला, आणि विचारलं, 'वजन अजून उतरतंय का?' उतरत होतं, महिन्याला किलो-दीड किलो. 'मग आत्ता काय ओढू? सहा महिन्यांनी पुन्हा लोंबेल. वजन एका जागी थांबू द्या, निदान सहा महिने. मग या, तेव्हा बघू काय लागतंय ते. कदाचित नुसती मान लागेल.' फी घेतली आठशे रुपये.

'थांबा' हा चौथा रकाना. त्याची किंमत लावता येत नाही म्हणून तो कुठल्याच टॅबवर नसतो.

आत्याचं वजन आता दोन महिने स्थिर आहे. ती अजून ठरवतेय. करायचं ठरवलं तर दवाखान्यात रात्री मी थांबणार आहे, एवढं आमचं ठरलंय. काकांना काय सांगायचं ते ठरलेलं नाही. क्लिनिकच्या काउन्सेलरचे मेसेज मात्र नेमाने येतात. परवा गुढीपाडव्याची ऑफर आली होती: डीप प्लेन घेतलं तर मान मोफत.